माझ्याकडची बाजू

सोमवार, ३ मार्च
आले बाई एकदाची! ताईने मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. खिडकी, टेबल, कपाटाचा एक अख्खा खण. भावोजींनी बॅग वर नेली आणि यात विटा भरल्यात का म्हणून विचारलं. ठमी, म्हणजे माझी दोन वर्षांची भाची, आधी पडद्याआड लपली आणि पाच मिनिटांत मांडीवर चढून बसली. तिच्या रक्तात न्यूट्रोफिल फार कमी. शरीरात काही परकं शिरलं की सगळ्यांत आधी धावून जातात त्या या पांढऱ्या पेशी. त्याच नाहीत, म्हणून नुसतं खरचटलं तरी पोरीला ताप भरतो. तिच्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, हे किती बरं झालं! ताईला मदत होईल.

गुरुवार, ६ मार्च
काम झकास आहे. काचेवर जेलीचा थर, त्यात दोन खळगे. एकात रुग्णाच्या पेशी, दुसऱ्यात जंतूंचा अर्क, म्हणजे आमिष. तासाभराने सूक्ष्मदर्शकातून बघायचं की पेशी आमिषाकडे किती सरकल्या. तुलनेसाठी एका निरोगी माणसाच्या पेशीही लावतात, आणि इथली रीत अशी की तो निरोगी माणूस म्हणजे नवा कर्मचारी. भिंगकाकांनी हसत माझ्या दंडाला पट्टा बांधला. बत्तीस वर्षं ते एकाच स्टुलावर बसून काचा बघताहेत, म्हणून हे नाव. माझ्या पेशी आमिषाकडे सरळ रेषेत गेल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मान डोलावली. त्या हसत नसाव्यात.

मंगळवार, ११ मार्च
डोक्याला नुसता ताप. आज पेशी आमिषाकडे गेल्याच नाहीत, काचेच्या कडेकडे आडव्या सरकल्या. मॅडम म्हणाल्या, काच तिरकी ठेवली असशील. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. मग म्हणाल्या, खळगे नीट पाडत जा.

बुधवार, १२ मार्च
पातळी मापून टेबल सरळ असल्याचं दाखवलं. मॅडमनी ढुंकून पाहिलं नाही. मी चिडून काच उलटी फिरवली. तासाभरात पेशीही वळल्या. माझ्या बाजूला. माझ्याच पेशी नाही, सगळ्या रुग्णांच्याही. मी जेवायला गेले आणि माझ्या जागी काका बसले, तेव्हा मात्र सगळं सुरळीत! माझ्या हाताला गुण नाही, असं काका म्हणाले. याआधी सात वर्षं हेच काम केलंय मी. संताप संताप झाला.

शनिवार, १५ मार्च
काकांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि मी डाव्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. शेवटी काकांनी दिवा बंद केला, काच कचऱ्यात टाकली आणि मला एवढंच सांगितलं की जरा लांब बसत जा. काय पाहिलं ते सांगेनात. दुपारी त्यांनी बदलीचा अर्ज दिला.

मंगळवार, १८ मार्च
ठमीचा डावा गाल सुजलाय, लालबुंद. रात्री ती माझ्या पोटाला डावा गाल लावून झोपते. ताईला म्हटलं, तिला माझ्याजवळ देऊ नकोस. ती म्हणे, दाढ येत असेल. भिंतीशी बोलावं तसं झालंय.

शुक्रवार, २१ मार्च
ठमीच्या न्यूट्रोफिलचा आकडा चौपट! डॉक्टर खूश, ताई आनंदाने रडली, भावोजी म्हणाले मावशीचा पायगुण. मी जीव तोडून सांगत होते की त्या पेशी बऱ्या झाल्या म्हणून वाढल्या नाहीत, हाडांतून निघून माझ्याकडे यायला बघताहेत. कातडीशी अडतात आणि तिथलंच मांस जाळतात. म्हणून सूज. डॉक्टरांनी मला चार दिवस सुटी घ्यायला सांगितलं. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. ताईने तिथल्या तिथे ठमीला माझ्या कडेवर दिलं.

सोमवार, २४ मार्च
माझं रक्त तपासलं. न्यूट्रोफिल शून्य. यंत्र बदललं — शून्य. स्वतः मोजलं — एकही नाही. ताप नाही, काही नाही. मग माझ्या कुठे गेल्या? आत कशाभोवती जमल्यात? परकं काही असल्याशिवाय त्या जात नाहीत. बरगडीखाली हात ठेवला. गरम आहे.

बुधवार, २६ मार्च
ताईचं घर सोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर खोली. जिना सरळ दारासमोर, कठडा नाही. असो. ताई म्हणाली, तू दगड आहेस. म्हणू दे.

शुक्रवार, २८ मार्च
ताईचा फोन. गाल उतरला. मी रडले. पण आकडा पडला — पहिल्यापेक्षाही खाली. डॉक्टर म्हणे, मावशीकडे ठेवून बघा. मी ओरडले, शिव्या दिल्या. तिने ऐकलंच नाही. कोणी ऐकतच नाही!

शनिवार, सकाळ
ताई आली. ठमीला घेऊन. मी कडी काढली नाही. आतून किंचाळून सांगितलं, घेऊन जा तिला. ताई म्हणाली, बघते किती वेळ उघडत नाहीस — ठमीला दाराशी बसवलं आणि रिक्षातली पिशवी आणायला खाली गेली.

ठमी दाराला चिकटली आहे. रडत नाही. दाराखालच्या फटीतून बोटं आत घातलीत. चार बोटं. लाल होताहेत.

मी मागच्या भिंतीशी. याहून मागे जागा नाही. बोटं फुगताहेत — इथूनही दिसतं —

हाक मारतेय मला. मी ओरडले, मागे हो. दूर हो, बाळा.

ऐकलं. पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं. बोटं गेली फटीतून. पावलं मागे — एक — दोन — मागे तर जिना —

ठमे थांब मी कडी काढ