कानशीची खूण

दादा,

तू घर सोडलंस तेव्हापासून बाबांच्या डबीत एका नाण्याची जागा रिकामी होती. ती भरायला मी तसंच चांदीचं नाणं ऑनलाइन मागवलं. आलं, तर कडेवर कानशीचा ओरखडा. विकणाऱ्याने फोटोत नेमका तेवढाच भाग लपवला होता. परत पाठवायची मुदत आज संपते, म्हणून पाकीट चिकटवायला बसले, तेवढ्यात बाबा भिंग घेऊन आले.

"अगं, हे आपलंच. चांदी खरी आहे का बघायला मीच कानस मारली होती. कुठे सापडलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कपाटामागे."

बाबा मटकन खाली बसले. "म्हणजे त्याने विकलं नव्हतं. मी उगाच पोराला चोर म्हणून हाकललं."

नाणं परत पाठवलं, तर त्यांना खरं सांगावं लागेल. ठेवलं, तर तू जे खरंच केलंस, त्याबद्दल तेच तुझी माफी मागतील.

पाकीट अजून उघडंच आहे. बाबा बाहेरून तुझा नंबर मागताहेत. फोन शोधतेय असं सांगून मी आत हे लिहीत बसलेय, जे तुला पाठवणार नाही. फोन माझ्या मांडीखाली आहे.

तुझ्यावर चिडलेली,
छोटी