चाकाचे लाल नट

सोमवार, ४ मार्च

दादाने नट रंगवले. सगळेच्या सगळे. हिरवे!

दोन दिवस मी सुटे भाग आणायला बाहेरगावी काय गेले, याने स्प्रेगन घेतली आणि दाजींच्या ट्रकवर मारत सुटला. लिलावातून आणलेला जुना लष्करी ट्रक. चार महिने मी त्याच्याखाली पाठीवर पडून होते – गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं वायरिंग. आणि दादाचं काम काय, तर रंग. वर मलाच म्हणतो, "बघ कशी दिसतेय, नवरीसारखी."

चाकांकडे पाहिलं आणि डोकंच फिरलं. या ट्रकची लोखंडी रिम दोन तुकड्यांची असते. आतल्या गोलातले नट चाकाला गाडीवर धरून ठेवतात. बाहेरच्या गोलातले नट त्या दोन तुकड्यांना एकमेकांशी. चाक काढायचं तर आतले खोलायचे. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे खोलले, तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. म्हणून बाहेरचे लाल ठेवतात. लालला हात लावायचा नाही. बाबांनी माझ्या हातात पाना देण्याआधी हे शिकवलं. दादालाही हाक मारलीच असेल, पण तो तेव्हा ऑफिसात पंख्याखाली.

"माती आणि ग्रीसखाली लाल दिसतच नव्हतं," म्हणतो. मग पुसायचं होतंस ना!

मंगळवार, ५ मार्च

सकाळी आले तर आवार रिकामं. ट्रक पोचवलासुद्धा! दाजींना खाणीवर घाई होती म्हणे.

सगळ्या कामगारांसमोर ओरडले. ओरडायचंच होतं. दादा शांतपणे म्हणाला, "तुला चार नट दिसतात. लोकांना गाडी दिसते." वहिनी मध्ये पडली, "तुम्ही दोघं लहानपणापासून असेच." मी कुठे तशी? मी तर बरोबर आहे.

आजपासून बोलणं बंद.

गुरुवार, ७ मार्च

कामाचं सगळं चिठ्ठ्यांवर चाललंय. मी लिहिते, तो वाचतो, हूं की चूं नाही. वहिनी निरोप्यासारखी चहा घेऊन इकडून तिकडे.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. मी डिझेल टाकीखाली. "मेकॅनिक कुठाय?" माझे पाय दिसत होते त्याला. म्हटलं, याच पायांना विचारा. तो दादाकडेच गेला. दादाला विचारायला! ज्याला हवेचा फिल्टर आणि तेलाचा फिल्टर यातला फरक विचारला तर फोन आल्याचं नाटक करतो.

शनिवार, ९ मार्च

मला भीती वाटतेय. राग आहेच, पण खाली भीती आहे. खाणीतल्या दगडांवर टायर किती दिवस टिकणार? आणि दाजींना दम नाही. पंक्चर झालं की स्वतःच पाना घेऊन बसतात. ताईला काय तोंड दाखवू?

आज त्यांना फोन केला. बजावलं – नटांना रंग लागेपर्यंत चाकाला हात लावू नका. रंग लागला की लाल सोडून बाकीचे खोलायचे, लालला शिवायचं नाही. "बरं, मास्तरीणबाई," म्हणून हसले. मागून ताई ओरडली, "तिचं ऐका हो, तिला कळतं त्यातलं." बरं वाटलं ऐकून.

मग दादासाठी फळ्यावर लिहिलं – खाणीवर जाऊन रंग बदलून ये, नाहीतर मी कुलूप घालून घरी बसते.

सोमवार, ११ मार्च

शेवटी वाकला. लाल रंगाचा डबा गाडीत ठेवला. वहिनी म्हणाली, "तूही जा की बरोबर. तुझ्या नजरेखाली होईल."

मी का जाऊ? ज्याने घाण केली त्याने निस्तरावी. जाताना दोन तास आणि येताना दोन तास त्याच्या शेजारी बसायचं? जमणार नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या वायपरखाली खोचली – "चाकाच्या नटांना लाल रंग दे. सहाही चाकांच्या. एकदा तरी नीट काम कर." 'एकदा तरी'खाली दोन रेघा मारल्या. कागद फाटला थोडा.

मंगळवार, १२ मार्च

दादाच्या नखांत लाल रंग. केलं म्हणजे. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

गुरुवार, १४ मार्च

ताईचा फोन आला. सकाळी पुढचं चाक बदलताना रिम उडाली. दाजी वाचतील म्हणतात. उजवा हात गेला. ती रडत पुन्हा पुन्हा तेच सांगत होती – "लालला हात नाही लावला गं त्यांनी. तू सांगितलं होतंस तस्संच केलं."

दादाशी नऊ दिवसांनी बोलले. कुठले रंगवलेस?

"आतले. चाक ज्यांच्यावर बसतं ते. चाकाचे नट तेच ना? तू लिहिलंस तेच केलं."

चिठ्ठी त्याच्या गाडीतच होती. चारदा वाचली. कुठल्या गोलातले, ते मी लिहिलंच नव्हतं.