मेन स्विच चालू करू नका

अहो,

मेन स्विच मीच बंद केलाय, चालू करू नका. रविवारी तुम्ही बसवलेल्या नव्या बोर्डावर आज पहिल्यांदा इस्त्री लावली आणि हाताला झटका बसला. मी बरी आहे. बोर्ड उघडून पाहिला, तर करंटच्या लाल वायरच्या जागी अर्थिंगची हिरवी जोडलेली.

त्या दिवशी आपली चिमणी तुमच्या मांडीवर बसून तुम्हाला रंग सांगत होती, मला वाटलं खेळ चाललाय. काल तीच म्हणाली, "बाबांना लाल-हिरवं येत नाही, मी शिकवते." मग आठवलं, तुमच्या आजारपणात त्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून टोमॅटो पिकलाय का, हेही तुम्ही मलाच विचारता. इतक्या वर्षांचे वायरमन तुम्ही, आणि बायकोला एका शब्दाने सांगितलं नाहीत?

तुम्हाला उठवून तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. चिमणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावायला चाललेय. आज कामावर जाऊ नका, ताप आलाय म्हणून साहेबांना कळवा. पाया पडते.

आत्ता निघताना तिला म्हटलं, लाल चप्पल घाल. तिने हिरवी आणली. तिला अजून रंग ओळखता येत नाहीत हो.