बाबांनी लिहून दिलेला कागद

ती. बाबा,

सप्रेम जय भीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते, काळजी नको.

पण तुम्ही हे काय लिहून पाठवलंत? कॉलेजची फी-सवलत स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्यांनाच मिळते. म्हणून "मुलीला घरून पैसे जात नाहीत" एवढंच लिहा म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत, "प्रज्ञा कोणाच्या उपकारावर नाही. तिचा सर्व खर्च करायला मी समर्थ आहे." वर सरपंचांचा शिक्का! जशी काही माझ्या लग्नाची बोलणीच चालली होती.

ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "पापा सब देते हैं, तो मदद किसलिए?" खलास. अर्ज परत.

बाबा, इथे आखातात दिवसभर हमरियाच्या कारखान्यात पॅकिंग करून मी संध्याकाळी वर्गाला पळते. दर महिन्याला घरी पैसे मीच पाठवते. मग खरं लिहायला लाज कसली?

गुरुवार शेवटचा. "मी तिला काही देत नाही" असं लिहा, सही करा, फोटो पाठवा. शिक्का नको.

आईचा गुडघा कसा आहे?

मॅडम तुमचा कागद फाडायला निघाल्या, तेव्हा मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. पासपोर्टमध्ये ठेवलाय.

तुमचीच,
प्रज्ञा