कोंड्याच्या बदल्यात

१४ नोव्हेंबर

नवीन घर, नवीन वही! मी लॅपटॉपवरच लिहिणार होते, पण राजवीर म्हणाला डायरी हातानं लिहायची असते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही घेऊन आला. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यामुळे शुद्धलेखनाचा आनंदच आहे. असू दे. कोण वाचणारे!

लग्न करून नाशिकहून इथे कसबा बावड्यात आले आणि मला हे घर जाम आवडलंय. वरच्या मजल्यावर आमची खोली, खिडकीतून मागचा मोकळा प्लॉट दिसतो, त्याच्यापलीकडे ऊस. कारखान्याचा सीझन चालू आहे, हवेला सतत आंबट-गोड वास. राजवीरला तो वास येतच नाही म्हणे. खाली आण्णा आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे. पहिल्या दिवशी मला वाटलं आई शेजारणीशी भांडताहेत. खाली जाऊन बघते तर त्या तिच्या नव्या मिक्सरचं कौतुक करत होत्या. मी 'आहे' म्हटलं की आण्णा चिडवतात, हाय म्हण की, जीभ झिजती व्हय?

आज आईंनी राजवीरला 'धोंड्या' अशी हाक मारली. एवढा सिव्हिल इंजिनिअर, आणि धोंड्या! मी हसून हसून लोळले. तो म्हणाला, माझ्या साइटवर कुणाला सांगितलंस तर बघ.

१७ नोव्हेंबर

पुढच्या महिन्यात आण्णांची एकसष्टी आहे. आज माळ्यावरचं सामान काढताना व्हिडिओ कॅसेटची अख्खी पेटी मिळाली! आण्णांनी तरुणपणी खांद्यावर घ्यायचा सेकंडहॅंड कॅमेरा घेतला होता. आई म्हणतात, म्हशीसाठी ठेवलेल्या पैशातनं घेतला, आणि म्हैस अजून आली न्हाय. म्हणजे घरचं सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. मी लगेच जाहीर केलं की एकसष्टीला मी फिल्म करणार. कॉलेजच्या सगळ्या इव्हेंटचे व्हिडिओ मीच एडिट करायचे, माझा हात चालतो.

राजवीरचा मित्र विश्वजित टीव्ही रिपेअरिंग करतो. त्यानं कुठून तरी एक जुना व्हीसीआर चालू करून दिला. वायर लॅपटॉपला जोडली, झालं. फक्त एक आहे, कॅसेट पळवून चालत नाही. जेवढी आहे तेवढी पूर्ण चालू द्यायची, तेव्हा ती कॉम्प्युटरवर येते. दिवसभर बसून दुसऱ्यांचं बालपण बघायचं. मला तर हेच आवडतं.

२१ नोव्हेंबर

आज खरा खजिना. छोटा राजवीर, काही महिन्यांचाच.

आई किती तरुण! निळी साडी. मागच्या प्लॉटवर तेव्हा एक घर होतं आणि शेजारी उकिरडा. आई राजवीरला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात आणि मागे न बघता निघून जातात. मग दुसरीकडून हिरव्या साडीतली एक बाई येते, बाळाला उचलते, छातीशी धरते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते. इतकी खूश! दुपारचा मऊ उजेड, चेहरा अर्धा सावलीत. आण्णांनी नकळत काय शॉट घेतलाय!

मग आई पदरात कोंडा घेऊन येतात आणि बाळ परत मागतात. ती बाई म्हणते, देत न्हाय जा! सगळे हसतात. ती पुन्हा म्हणते. हसणं कमी होतं. शेवटी आई बाळाला जवळजवळ ओढूनच घेतात, ते किंचाळतं, लेन्सवर आण्णांचा अंगठा येतो, संपलं.

आईंना विचारलं. त्या घेवडा निवडत होत्या. राजवीरच्या आधीची दोन बाळं गेली. मग जाणती माणसं म्हणाली, हे आपलं न्हवंच म्हणायचं. टाकायचं, दुसरीनं उचलायचं, आणि मूठभर कोंडा देऊन विकत आणायचं. म्हणजे पोरं नेणाऱ्या काळाला वाटतंय, कोंड्याच्या मोलाचं पोर, ह्यात काय घेण्यासारखं न्हाय. म्हणून नावबी दगडाचं, धोंडू.

ती बाई आक्काताई, मागच्या घरातली. तिचं स्वतःचं बाळ त्याच पावसाळ्यात गेलं होतं. आईंना ताप भरला तेव्हा राजवीरला तिनंच पाजलं. नंतर ती रोज दारात येऊन उभी राहायची, एकदा घेऊ का म्हणून. आई नको म्हणायच्या. वर्षभरात ती गेली. खंगली, एवढंच म्हणाल्या. घेवड्याच्या शेंगा खूपच बारीक मोडत होत्या.

२८ नोव्हेंबर

फिल्म मस्त जमतेय. उकिरड्यावरचा शॉट तर बासरीवर असा बसलाय की मलाच काटा आला. आक्काताई बाळाला उचलते, कॅमेऱ्यात बघते, तिथून थेट पहिल्या वाढदिवसावर कट. परत घेण्याचा भाग काढला. हलता कॅमेरा, अंगठा, रडारड. एकसष्टीत कशाला ते.

लॅपटॉप भरत आला म्हणून कापलेलं सगळं उडवलं. हवं तर कॅसेट होतीच. पण काल रिवाइंड करताना व्हीसीआरनं नेमकी तीच कॅसेट खाल्ली. बुरशी होती, रीळ चोथा होऊन बाहेर आलं. आईंनी ते सकाळी घंटागाडीत टाकलंसुद्धा. वाईट वाटलं, पण चांगला भाग तर माझ्याकडे आहे.

८ डिसेंबर

एकसष्टी झाली. गच्चीवर मांडव, पांढऱ्या चादरीवर माझी फिल्म. आक्काताईनं बाळ उचललं तेव्हा आत्याबाई डोळे पुसत होत्या. आणि वाढदिवसाचा सीन आला तशा आई उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर विचारलं, परत घेतलेलं कुठाय?

मी म्हटलं, काढलं आई, ते फार चांगलं आलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, टाकलं म्हणून सांगितलं की घेतलं हेबी त्याच दमात सांगायचं असतंय. अर्धं सोडत न्हाईत ते. आण्णा ओरडले, बस की खाली, पिक्चर हाय नव्हं त्यो! सगळे हसले. आई हसल्या नाहीत.

मी वर येऊन थोडं रडले. राजवीर म्हणाला, सोड की, आई जुन्या वळणाची हाय, उद्या इसरंल.

९ डिसेंबर

सकाळी राजवीर दूध आणायला गेला. परत आला, तर दार उघडं असून बेल वाजवली. चपला हातात. आईंना म्हणाला, मावशी, आत येऊ का?

आईंनी उलथनं दाखवलं, थांब, मावशी दावते तुला. मीपण हसले. पोह्यांना त्यानं हात लावला नाही. घरी जेवतो म्हणाला. चेहऱ्यावर चेष्टेचं काही नव्हतं.

११ डिसेंबर

नातेवाइकांना फिल्म हवी म्हणून कॉपी काढत होते. पहिला वाढदिवस. राजवीर आईंच्या मांडीवर केक कापतो, निळ्या साडीवर क्रीम सांडतं. हा सीन मी शंभरदा बघितलाय.

आज मांडी हिरव्या साडीची आहे.

चेहरा फ्रेमच्या वर गेलाय. हात दिसतो. बाळाचं पोट घट्ट धरलंय.

१२ डिसेंबर

आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. हॉलमध्ये त्याच वाढदिवसाचा फोटो आहे, त्यात आईच आहेत. आण्णा एकदा फोटोकडे, एकदा स्क्रीनकडे. मग म्हणाले, मी तिला कधी बोलीवलं न्हवतं गं वाढदिवसाला. आणि तिथेच पायरीवर बसले.

आईंना सांगायचं नाही ठरलं. त्या दारातच उभ्या होत्या.

१४ डिसेंबर

सगळ्या क्लिप बघितल्या. बालवाडीचा पहिला दिवस — हिरवी साडी, बोट धरून. गॅदरिंग — तीच त्याला मिशी काढतेय. मुंज्याचा नवस, सायकल, दहावीचे पेढे — आता चेहरा दिसतो. आक्काताईच. केस पांढरे होत जातात. ती म्हातारी होत चाललीय. म्हणजे त्याला तिनंच वाढवलं —

आमच्या लग्नाचा व्हिडिओ. तो तर कॅसेट नाहीच, ह्याच वर्षीचा. अक्षता पडताना राजवीरच्या मागे पूर्ण पांढऱ्या केसांची म्हातारी.

आई कुठेच नाहीत. एकाही क्लिपमध्ये.

१५ डिसेंबर

राजवीर साइटवर गेला नाही. दिवसभर मागच्या प्लॉटवर बसून. मी डबा घेऊन गेले. शेजारी बसले, त्याचा हात धरला. त्यानं नीट, आदरानं सोडवून घेतला. म्हणाला, पावणं, तुम्ही कुणाच्यात आलाय?

मी नाव सांगितलं. माझं. त्याचं. लग्नाबद्दलही सांगितलं. तो ऐकत होता, कुणाचं तरी दुःख ऐकावं तसा.

१६ डिसेंबर

उडवलेली फाइल शोधतेय. विश्वजितनं दोन सॉफ्टवेअर लावून बघितली. नाही. तो म्हणाला वहिनी, वरनं दुसरं भरलंय, आता ते कुठंच न्हाय.

मीच कापलं. चांगलं दिसावं म्हणून —

१७ डिसेंबर

आई माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. गिरणीतून कोंडा आणलाय. म्हणाल्या, एकदा घेतलाय, पुन्यांदा घीन. तू पहिल्यापासनं शेवटपतोर घे फोनवर. मधी थांबायचं न्हाय, कायबी झालं तरी.

१८ डिसेंबर, दुपार

झालं! देवा, झालं.

ऊन चढायच्या आत गेलो. तो प्लॉटवर होताच. आईंनी सुपातला कोंडा पुढे केला, समोर कुणी नसताना. म्हणाल्या, आक्का, तुझं उपकार हाईत, माझं लेकरू दे. वारा नव्हता. कोंडा सुपातून कमी झाला. आईंनी त्याचा हात धरला आणि मागे न बघता घराकडे चालायला लागल्या. मी शूट करत मागोमाग.

उंबऱ्यावर तो म्हणाला, आई, भूक लागलीया.

आई हमसून हमसून रडल्या. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. मला 'अनुजा' म्हणून हाक मारली. आत्ता खाली आण्णांशी बोलतोय, मला आवाज येतोय. मी मोबाइलमधलं लॅपटॉपवर घेते आणि फिल्ममध्ये त्या जागी लावते. उकिरड्याच्या शॉटनंतर, लगेच. पूर्ण.

१८ डिसेंबर, संध्याकाळ

शॉटमध्ये आईंचा हात रिकामा आहे.

त्या चालताहेत, मूठ वळलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मुठीत कुणी नाही. शेजारी कुणी नाही.

मागे, फ्रेमच्या कडेला — म्हातारी. ओंजळीत कोंडा. सौदा नाकारल्यासारखा तिनं तो खाली ओतला. तिच्याजवळ राजवीर. माझा राजवीर. तो येऊ बघतोय, तिनं दंड धरलाय. तो फोनकडे बघतोय, माझ्याकडे. ओठ हलताहेत. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. तो अनुजा म्हणतोय. ओळखलंय त्यानं मला. अनुजा, अनुजा —

मग खाली कोण जेवलं?

तो फक्त ह्या शॉटमध्ये उरलाय. हा गेला तर तो कुठेच —

जिन्यावर पावलं. मी कडी लावलीय.

खाली जेवला तो दाराबाहेर आहे. मी कुणालाही दाखवलेलं नाही, खाली कुणालाच माहीत नाही. तो म्हणतोय, अनुजा, तेवढं मागचं कट कर की.

नाही. विश्वजितला पाठवतेय. जात नाहीये, अर्धंच गेलंय — आई खालून हाका मारताहेत, धोंड्या, चहा झाला बाळा —

पुन्हा म्हणतोय. चांगलं आलं न्हाय ते, कट कर.

स्क्रीनवर राजवीरनं मान हलवली. नको म्हणतोय. मी थांबवलेला शॉट आहे हा, तरी तो — त्याची नजर माझ्यावर नाहीये, माझ्या माग