एक दात मागे

४ नोव्हेंबर, सोमवार

शिकवणीवाल्या बाई गाडी घेऊन गॅरेजात परत आल्या. येणारच होत्या! गेल्या आठवड्यात मी तापाने फणफणून घरी पडले होते, तेव्हा आमच्या बंधुराजांनी त्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलला. आली तेव्हा गाडी छान चालत होती, फक्त बेल्ट जुना झाला होता. आता उभी केली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. बाई म्हणाल्या, सिग्नलला थांबलं की आरशात मागच्या एका गाडीच्या चार दिसतात.

दादा म्हणाला, प्लग असतील. प्लग! बेल्ट बदलला आणि बिघडले प्लग. म्हणजे चप्पल शिवायला दिली आणि टोपी फाटली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नवे प्लग घातले. थरथर तीच.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज दादाने कॉइल बदलली. मग थ्रॉटल साफ केला. मग स्कॅनर लावून पडद्याकडे बघत बसला — जणू आत्ता तो बोलायला लागणार आहे. स्कॅनर म्हणतो, काही दोष नाही. दोघांची जोडी छान जमली आहे.

बेल्ट चढवताना दोन्ही चाकांवरची खूण जुळवलीस ना, असं मी सरळ विचारलं. हो म्हणाला, आणि पाना शोधायला गेला. पाना त्याच्या खिशातच होता.

बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. एरवी कुठलंही इंजिन सुरू झालं की बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात, या गाडीकडे फिरकलेही नाहीत. लाडक्या लेकाची फजिती बघवत नसेल. महिनाअखेर बाबा हे गॅरेज आमच्यापैकी एकाच्या हाती सोपवणार आहेत. दोन मालक झाले की गिऱ्हाईक कुणाचंच ऐकत नाही, म्हणाले. मला हवंय. लाजायचं कशाला, हवंच आहे! शाळा सुटली की मी इथेच असायचे. आणि मोठा म्हणून ते या प्लगवाल्याला मिळणार?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा सामान आणायला गेला होता, तेवढ्यात मी काम उरकलं. आधी सगळ्या नळ्या तपासल्या, कुठूनही हवा ओढत नाही. मग इंजिनाची ओढ मोजायचा मीटर लावला. सुई स्थिर, पण असायला हवी त्याच्या बरीच खाली. प्लग बिघडला असता तर सुई नाचली असती. ही नाचत नाही, नुसती मान खाली घालून उभी आहे. म्हणजे सगळ्याच झडपा उशिरा उघडतायत. म्हणजे बेल्ट एक दात मागे बसलाय. यात शोधायचं काय होतं?

दादा आल्यावर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी बघतो निवांत. तू हात लावू नकोस."

रविवारी! बाबा रविवारी येत नाहीत ना, म्हणून. गुपचूप उघडणार, गुपचूप सरकवणार आणि सोमवारी बाईंपुढे छाती काढून उभा राहणार. मी उद्याच उघडणार. बाबांच्या समोर.

९ नोव्हेंबर, शनिवार

उघडलं. बाबांना हात धरून गाडीपाशी आणलं. बाईही गाडीची चौकशी करायला आल्या होत्या. दादा नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही.

झाकण काढलं. खालच्या चाकाची खूण बरोबर, वरच्या चाकाची एक दात मागे. मी म्हटलं तसंच! मी मोठ्याने सांगितलं, बाईंनाही ऐकू जावं म्हणून. मग टॉर्च बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बोल्टवर धरला. आमच्याकडे बेल्ट ज्याने बसवला तो शेवटी या बोल्टवर आपल्या रंगाचा ठिपका देतो. बाबांचा पांढरा, दादाचा पिवळा, माझा लाल. नंतर कुणाला कानावर हात ठेवता येत नाहीत.

ठिपका पांढरा होता.

बाबा वाकले, अगदी नाक लागेल इतके. टॉर्चचा उजेड थेट त्या ठिपक्यावर होता. त्यांनी विचारलं, "रंग कुणाचा आहे?"

मागून दादा म्हणाला, "पिवळा. माझाच, बाबा. तुम्ही बसवल्यावर पंप गळत होता, म्हणून मी परत उघडला होता."

बाबा सरळ झाले. "तरीच," म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग दादाला बाईंच्या देखत असं काही झापलं, की बाई बिचाऱ्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दादा मान खाली घालून ऐकत होता. मी बेल्ट सरकवून पुन्हा बसवला. गाडी लोण्यासारखी चालली.

हात धुताना दादा हळूच म्हणाला, "दोनेक महिने झाले, त्यांना जवळचं दिसत नाही, रंगही ओळखू येत नाहीत. डॉक्टरांकडे चला म्हटलं की चिडतात. त्यांचीच चूक होती हे कळलं, तर उद्यापासून इथे पाऊल ठेवणार नाहीत. घरी भिंतीकडे बघत बसवायचंय का त्यांना?"

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तू ऐकून घेतेस कधी, म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर, रविवार

दादाकडे बघायची लाज वाटते.

११ नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी सकाळीच सगळ्यांसमोर गॅरेजच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. महिनाअखेरची वाट कशाला, म्हणाले, ज्याला स्वतःची खूण जुळवता येत नाही त्याला काय द्यायचं? दादा हसून म्हणाला, बरोबर आहे.

मी घेतल्या. नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.