स्टेपनीवरचा हात

कराड,
मंगळवार दुपार

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या सीमेवरच्या चौकीपर्यंत पोहोचायला आठ-दहा दिवस तरी लागतील. हातात फोन असताना पत्र कशाला, हे शेवटी सांगते. आधी एवढंच ऐक, की आबा खणखणीत बोलताहेत आणि सकाळपासून दोन नर्सवर डाफरून झालेत. आईनं तुला सांगितलं की आबा अंगणात पाय घसरून पडले. ते खोटं आहे. आबांच्या पायावर जीप गेली, आणि ती जीप मी चालवत होते.

लिहून टाकलं एकदाचं. शनिवारपासून मी हे वाक्य मनातल्या मनात शंभरदा म्हटलंय आणि तरी ते खरं वाटत नाही. गेले चौदा महिने तू आबांशी बोलला नाहीस, सुट्टीत घरी आला नाहीस. जीप पुन्हा धावायला लागली की तू येशील, तुम्हा दोघांना एका गाडीत बसवलं की पुढचं आपोआप होईल, असा माझा हिशेब होता. म्हणून तर आठ महिने त्या गाडीला चिकटले. आणि झालं हे.

जीपचं सगळं सांगते, कारण तू नुसतं फोटोत बघितलंयस. दोन वर्षांपूर्वी इंजिनाचं हेड तडकलं तेव्हा सांगलीतल्या सगळ्या जुन्या मेकॅनिकांनी हात वर केले. आबांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ती गाडी भंगारात द्यायचं नाव काढलं की ते उठून शेताकडे जायचे. शेवटी मी माझ्या वर्कशॉपवर उचलून आणली. इंजिन काढलं, तिथं बॅटऱ्या आणि मोटर बसवली. गिअरबॉक्स तोच ठेवला, फोर-व्हीलचा दांडाही तोच. मोटर आणि गिअरबॉक्स जोडायची प्लेट मिरजेत लेथवर तीनदा करून घेतली, कारण केसभर जरी तिरकी बसली तरी सगळं हादरतं. शेवटी अशी बसली की गाडी चालू आहे का बंद, हे मलाही स्क्रीनकडे बघितल्याशिवाय कळेना. काय मिरवले मी त्यावर! आरटीओचा साहेब बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, ही श्वास तरी घेते का? मी फुशारून हसले.

आणि मी बेसावध होते असं समजू नकोस. आवाज न करणारी गाडी गावात धोक्याची, हे आमच्या धंद्यातलं पोरसोर जाणतं. मी रिव्हर्सला पिपाणी बसवली होती. अशी कर्कश, की शेजारच्या प्रेसवाल्यानं दोनदा येऊन शिव्या घातल्या.

तुला आपलं लहानपणचं आठवतं का, आबा गाडी मागं घ्यायला कसे उभे राहायचे? सगळी दुनिया गाडीकडे तोंड करून हात हलवते. आबा गाडीकडे पाठ करायचे. मागं लावलेल्या स्टेपनीवर तळहात टेकवायचे आणि वाटेकडे बघत गाडीच्या चालीनं पुढं चालायचे. तू एकदा विचारलंस तर म्हणाले होते, "गाडीकडं काय बघायचं? गाडी हाताला कळती. वाट बघायची असती." आपण दोघं त्या हातावरच तर गाडी शिकलो. स्टेपनीवर आबांचा हात पडला, की ये मागं. हात उचलला, की थांब.

शनिवारी गाडी घेऊन पाटणला आले. आईनं कुंकू लावलं, नारळ फोडला. अंगण तुला माहीत आहे, गाडी तोंड भिंतीकडे करून उभी राहते आणि उलटीच बाहेर काढावी लागते. म्हणून लिंबंही मागच्या चाकांखाली ठेवायची होती. मी वर बसून स्क्रीन चालू केला. मान वळवून बघितलं तर आबांचा हात स्टेपनीवर. मला वाटलं, लिंबं ठेवून झाली, आबा ये म्हणताहेत. पुढं वळून हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, पुन्हा मागं बघितलं तेव्हा आबा दिसले नाहीत. हात उचलला की थांबायचं, पण मला वाटलं फाटक उघडायला पुढं गेले. पिपाणी कोकलत होती, दादा. सगळी आळी ऐकत होती. आई ओरडली, "आवं सरका की!" आणि चाक कशावर तरी चढलं. लिंबू इतकं मोठं नसतं, हे मला त्या क्षणी कळलं.

नडगीची दोन्ही हाडं मोडली. गाडीत घालून कराडला आणताना आबा ओरडले नाहीत, रडले नाहीत. घामानं निथळत माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "अंके, तू गाडी चालू कवा केलीस गं? मी हात लावून बघितलं, बंद व्हती." मला वाटलं दुखण्यानं भ्रमिष्टासारखं बोलताहेत. एवढी पिपाणी वाजत असताना?

रविवारी ऑपरेशन झालं, पायात सळई घातली. काल सकाळी डॉक्टर पलंगाच्या डोक्याकडे उभे राहून विचारत होते, काका, रात्री झोप लागली का? आबा खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग आबांच्या डोक्यामागं दोन्ही हातांनी फाडकन टाळी वाजवली. दादा, मी दचकले, शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. आबांनी पापणी हलवली नाही.

डावा कान पुरता गेलाय, उजवा नावाला. तोफखान्यातली वीस वर्षं, डॉक्टर म्हणाले, हळूहळू जात जात आता काही उरलं नाही. मी आईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "मला ठावं हाय. चार वरसं झाली." मला राग यायला हवा होता, पण मी तिच्याजवळ फरशीवर बसले. चार वर्षं! ओठ बघून, अंदाजानं, आपणच आधी बोलून मोकळं होऊन त्यांनी निभावलं. गावानं बहिऱ्या म्हटलेलं त्यांना नको होतं, आणि आपली पोरं काळजी करतील हे तर नकोच नको. आपण काय म्हणायचो? आबांचा स्वभावच तुसडा. हाक मारली तर वळत नाहीत.

म्हणजे तो स्टेपनीवरचा हात आता 'ये मागं' नव्हता. मला तो तसाच वाटला. ते गाडी थरथरतेय का बघत होते. इंजिनाची थरथर तेवढीच त्यांना कळायची, आणि ती मीच, केसभराचा फरक काढून काढून, संपवून टाकली होती. हाताला काही लागलं नाही, म्हणून गाडी बंद समजून ते लिंबू ठेवायला वाकले. काल मी आबांना कागदावर लिहून दिलं, मोटर काढून टाकते, पुन्हा जुनं इंजिन शोधते. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "येडी हायस का? गाडी झ्याक झालीया. मला सांगायचं ऱ्हायलं, त्यात गाडीचा काय दोस?"

आता खरं ते. आईला मी विचारलं, मग आधी दादाचा दर रविवारी फोन यायचा, तेव्हा? ती म्हणाली, फोन मोठ्या आवाजावर ठेवून ती शेजारी बसायची आणि आबांचा गुडघा दाबायची. एकदा दाबला की 'बरं बरं' म्हणायचं, दोनदा दाबला की फोन तिला द्यायचा. हे ऐकलं आणि मला तुझा तो एक फोन आठवला. चौदा महिन्यांपूर्वी तुझ्या पलटणीतल्या बिराप्पाची गाडी बर्फात दरीत गेली त्या दिवशी तू आबांना फोन केला होतास. तो रविवार नव्हता, दादा. गुरुवार होता. संध्याकाळी आई डेअरीला दूध घालायला गेली होती. आबांना फोनवर तुझा फोटो दिसला, आनंदानं उचलला, आणि नेहमीचं बोलून टाकलं. इकडं समदं बरं हाय, ऊस तोडीला आलाय, तब्येत जप, ड्युटी नीट कर. आणि ठेवला. तू मला नंतर एकच वाक्य बोललास, की मी रडत मित्र गेल्याचं सांगत होतो आणि आबा उसाचं सांगत होते. मीही तुझं ऐकून आबांना मनातल्या मनात दगड म्हटलं. त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही, आईलाही काही सांगितलं नाही. बिराप्पा जतहून आपल्याकडे आला होता तेव्हा आबांनी त्याला स्वतःच्या ताटातला रस्सा वाढला होता, हेही मला आठवलं नाही.

आज सकाळी मी केसपेपरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहिलं: बिराप्पा गेला. दादानं त्या दिवशी तुम्हाला हेच सांगायला फोन केला होता. आबांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग उशाचा फोन उचलून त्यांनी तुझा फोटो उघडला आणि बटण न दाबताच तो कानाला लावून बसले. आई तोंड फिरवून रडायला लागली. शेवटी फोन छातीवर ठेवून मला म्हणाले, "त्यो त्या दिवशी काय काय म्हनला, समदं लिहून दे मला." दादा, ते मला कसं माहीत असणार? ते फक्त तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. आबांना फोन करू नकोस. त्या गुरुवारी जे जे बोललास, ते सगळं लिहून त्यांना पाठव. मोठ्या अक्षरात लिही. ते चष्मा उशाशीच ठेवून झोपतात.

तुझीच,
अंकी